तीन घावांची जमीन

नत्थुजी ताथोडांसमोर एखाद्या गावाचं नाव काढलं, की ते क्षणभर डोळे मिटत आणि आकडा सांगत. दर्यापूर? चार. अंजनगाव? सहा. मूर्तिजापूर, स्टेशनामागचं मैदान? नऊ, पण पूर्वेच्या कोपऱ्यात पाचच. चिखलदरा? पंचवीस, आणि खुंटी वाकडी.

हे आकडे घावांचे होते. हातभर लांबीची लोखंडी खुंटी जमिनीत पुरती बसायला घणाचे किती घाव लागतात, त्याचे. वऱ्हाडात फिरणाऱ्या एका नाटक कंपनीचा तंबू नत्थुजींनी अठरा वर्षं उभा केला आणि अठरा वर्षं उतरवला. ज्यांनी त्या काळी जत्रेत नाहीतर बाजाराच्या गावी तिकीट काढून नाटकं पाहिली असतील, त्यांना राजा आठवेल, राणी आठवेल, चौथ्या अंकात मरायला दहा मिनिटं घेणारा सेनापती तर नक्कीच आठवेल. पण तो सगळा दरबार ज्याच्या खुंट्यांवर उभा होता, त्या माणसाला ओळखण्याचं प्रेक्षकांना काही कारण नव्हतं. पडदा वर जायच्या वेळी नत्थुजी तंबूच्या बाहेर एकेक दोर चाचपत फिरत असत. टाळ्या त्यांनी कायम कापडाच्या मागून ऐकल्या.

मात्र कंपनीतल्या माणसांना त्यांची किंमत ठाऊक होती. ‘शकुंतला’ या छोट्या रेल्वेगाडीतून सामान उतरलं आणि बैलबंडीवर लादून गावात आलं, तरी ट्रंका उघडायची कोणी घाई करत नसे. सगळे नत्थूकडे बघत. तो वहाणा काढून मैदानभर टाचांवर चालायचा. मग तीन जागी खुंटी ठोकायचा आणि कंपनीचे मालक मोरोपंत यांच्यासमोर येऊन उभा राहायचा.

"काळी हाये मालक," तो म्हणायचा. नाहीतर, "बरड हाये."

बरड म्हणजे मुरमाची, गोट्यांची जमीन. तिच्यात खुंटी जाता जात नाही, पण गेली की हलत नाही. काळ्या मातीत खुंटी लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि वारा सुटला की डुलायला लागते. काळी म्हटलं की मोरोपंतांचा चेहरा उतरायचा. ते अकोल्याचे, वकिली सोडून नाटकात आलेले. सैल गोष्टींवर त्यांचा विश्वास नव्हता.

एका उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या जत्रेत दोन कंपन्यांचे तंबू लागले. दुसऱ्या कंपनीनं आधी येऊन उंचावरची बरड जागा पटकावली. मोरोपंतांच्या वाट्याला खालचं काळं शेत आलं. संध्याकाळी वादळ उठलं. वरच्या तंबूच्या खुंट्या तसूभर हलल्या नाहीत, त्यामुळे दोर तुटले, कापड मधोमध फाटलं आणि खांब कोसळला. खालच्या तंबूच्या खुंट्या वाऱ्याबरोबर थोड्या वाकल्या, थोड्या सरकल्या. तंबू पोट फुगवून डोलत राहिला आणि वारा ओसरल्यावर जागच्या जागी बसला.

"अरे, खुंट्या सैल आहेत म्हणून सकाळी मी तुझ्यावर ओरडत होतो," मोरोपंत म्हणाले. "सैल होत्या म्हणून वाचलो की रे आपण." आणि आपल्या खांद्यावरचं जरीचं उपरणं काढून त्यांनी सगळ्या नटमंडळींसमोर नत्थूच्या खांद्यावर घातलं.

अठरा वर्षांत नत्थुजी त्या एकदाच उजेडात उभे राहिले. त्या संध्याकाळी त्यांच्या मनात एक गोष्ट पक्की बसली. नरम जमीन दणका गिळते. आडमुठी जमीन वरचं सगळं मोडते.

पुढे घरोघर टीव्ही आले, गल्लोगल्ली व्हिडिओ आले, आणि कंपनी बसली. मोरोपंतांनी सामान वाटून टाकलं. नत्थुजींनी एक खुंटी आणि एक घण मागून घेतला, आणि ते बायको सत्यभामा आणि पाच वर्षांचा कुलदीप यांच्याजवळ गावी परतले. गाव सावळखेड. हिवरखेडहून सातपुड्याकडे निघालं की डोंगराचा पाय जिथे संपतो, तिथलं. गावाची वरची बाजू बरडावर आहे, खालची काळ्या मातीत. मध्ये कधीकाळी एक तळं होतं म्हणतात. ते गाळानं भरून सपाट झालं त्याला दोन पिढ्या लोटल्या होत्या.

घरासाठी दोन जागा मिळण्यासारख्या होत्या. एक वर, बाभळीजवळ, पार्बताबाई नावाच्या एका बाईच्या घराला लागून. दुसरी तिच्या खाली साठ पावलांवर, त्या जुन्या तळ्याच्या पोटात. सत्यभामेला वरची हवी होती. तिनं उभ्या उभ्या हातानं घर काढूनही दाखवलं.

"चूल इकडं टाकू. अन दार पार्बताच्या दाराकडं. आवाज देता आला पाह्यजे."

नत्थुजींनी घण आणि खुंटी आणली. वर बावीस घाव लागले. खाली तीन.

"पाह्य," ते म्हणाले, "वरची जमीन आडमुठी हाये. उद्या दनका आला तर घरच फोडन. खालची नरम हाये. पाळना हाये पाळना."

"पाळना लेकराले ठीक हाये. आपल्याले काय करायचा?"

"तुले समजत नाई. मी वादळ पाह्यलं हाये."

"मी तुमाले पाह्यलं हाये," सत्यभामा म्हणाली, आणि हसून गप्प बसली.

घर खाली झालं. पार्बताबाईचं घर ज्या गवंड्यानं बांधलं होतं, त्यालाच नत्थुजींनी बोलावलं. विटाही त्याच भट्टीच्या आणल्या आणि त्याच रीतीनं मातीत बसवल्या. पहिल्याच उन्हाळ्यात खालच्या घराच्या मागच्या भिंतीला करंगळी जाईल एवढी भेग पडली. श्रावणात जमीन फुगली तशी ती मिटली. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडली. भेट द्यायला आलेल्या साळ्यानं भेगेत बोट घालून पाहिलं आणि चार पाहुण्यांसमोर म्हणाला, "तंबूवाल्यानं जागा निवडली म्हना ना."

नत्थुजींना ते झोंबलं. पण माणूस नाटकातला. ते ओट्यावर उभे राहिले, छातीवर हात ठेवला आणि दरबारी आवाजात म्हणाले, "जागा आमची नाई पाहुणे. आमी वर म्हनत होतो. पन रानीसाहेबांचा हुकूम झाला. त्याईले हातपंप जवळ पाह्यजे होता."

सगळे हसले. सत्यभामा दारात तूर पाखडत बसली होती. तिनं मान वर केली, नवऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाखडायला लागली.

टाळी पडली की नट ते वाक्य सोडत नाही. पुढच्या पाहुण्यांनाही नत्थुजींनी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्यांनाही. हुकूम, राणीसाहेब, हातपंप. तीस-बत्तीस वर्षं हा प्रवेश त्या ओट्यावर चालला. कुलदीप तो ऐकत मोठा झाला. त्यानं हिवरखेडला मोटारपंप दुरुस्तीचं दुकान टाकलं, प्रणालीशी लग्न केलं, मुलगी आकांक्षा झाली. आणि आपलं घर आईनं निवडलेल्या जागेवर आहे, ही गोष्ट त्याच्या दृष्टीनं आपलं नाव कुलदीप आहे इतकीच खरी होती.

मागच्या सप्टेंबरात पाऊस लांबला होता. काळी माती चिंब भिजलेली होती. दोन आठवड्यांपासून डोंगराच्या बाजूनं अधूनमधून गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, भांडी वाजायची. तालुक्याहून माणसं येऊन भूकंपाबद्दल सूचना देऊन गेली होती. लोक चारदोन दिवस बाहेर झोपले, मग पावसानं आत गेले.

त्या बुधवारी सकाळी अकराच्या सुमाराला नत्थुजी रोजच्यासारखे पार्बताबाईच्या ओट्यावर चहा घेत बसले होते. सत्यभामा घरी होती. पार्बताबाई चिवड्याला मुरमुरे मागत होती म्हणून ती सूप घेऊन ते काढायला आत गेली होती. मुरमुऱ्यांचा डबा मागच्या भिंतीच्या फळीवर असायचा.

कप बशीवर किणकिणला. पायाखाली एक धक्का आला, तोही एखाद्यानं ओट्यावर पोतं टाकल्याएवढा.

"ट्रक गेला असन," नत्थुजी म्हणाले.

"रस्त्यावर तं कोनी नाई," पार्बताबाई म्हणाली.

कपातला चहा सांडला नव्हता. नत्थुजींनी तो बशीत ओतला आणि प्यायले. बशी खाली ठेवली. तेव्हा खालून धूळ वर येताना दिसली.

साठ पावलं खाली मागची भिंत आत पडली होती. शेजारच्या दोन घरांच्याही भिंती गेल्या होत्या, पण त्या घरांतली माणसं शेतात होती. विटा काढायला पंधरा माणसं धावली. नत्थुजीही काढत होते. एकेक वीट उचलून नीट बाजूला रचत होते. सूप सापडलं, ते त्यांनी झटकून भिंतीला टेकवून ठेवलं. मग सत्यभामा सापडली. अकोटला नेलं, पण ते नेण्यापुरतंच.

नत्थुजी रडले नाहीत. लोकांनी वाट पाहिली. दहाव्याला पाहिली, तेराव्याला पाहिली. त्यांनी पंगतीत वरण वाढलं, कोणाला पुरे का कोणाला हवं ते विचारलं. दुःख आवरून धरल्याचंही दिसत नव्हतं. आवरायला आत काही जमलंच नव्हतं. कापडाच्या मागून टाळ्या ऐकू याव्यात तसं सगळं कुठून तरी लांबून ऐकू येत होतं.

शाळेमागच्या मोकळ्या जागेत ताडपत्री ताणून चौघांचा संसार सुरू झाला. ताडपत्री नत्थुजींनीच बांधली. वाऱ्यापावसात बाकीच्यांच्या ताडपत्र्या उडाल्या, त्यांची हलली नाही. लोक गाठी बघायला आले. कोणीतरी म्हणालं, बुढ्याच्या हातात अजून कसब हाये. नत्थुजींनी मान हलवली. दिवसातून एकदा ते पार्बताबाईच्या ओट्यापासून पडक्या घरापर्यंत चालत जात आणि पावलं मोजत. साठ भरत. कधी एकसष्ट. पार्बताबाई चहा विचारायची, ते नको म्हणायचे.

पार्बताबाईच्या घराला एक भेग नव्हती. देवळीतली रॉकेलची चिमणीसुद्धा उलटली नव्हती.

दिवाळीनंतर नव्या घराची मंजुरी आली. कुलदीपनं मलबा हटवला आणि त्याच जागेवर चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला. पांढरी रेघ काळ्या मातीवर झळझळत होती. सोमवारपासून पाया खोदायचा होता.

"मले तं भेव वाटते," ताडपत्रीखाली भाकरी थापता थापता प्रणाली म्हणाली. "आकांक्षाले घिऊन तिथंच झोपाचं. मामाजी, तुमी तरी सांगा ना याईले."

"आता सिमेंटात बांधून राह्यलो ना आपन," कुलदीप म्हणाला. "लोखंड टाकून. मंग माती काय करते?"

"पन दुसरी जागा..."

"जागा मायनं निवडली होती. बाबा वर म्हनत होते, ते मायनं आयकलं नाई, आपलं खरं केलं. पुऱ्या जिंदगीत बाईनं एक गोष्ट आपल्या मनानं केली." त्यानं ताट बाजूला सारलं. "ते मी सोडू काय? तिथंच बांधतो. दारावर तिचं नाव लिहितो."

प्रणालीनं सासऱ्याकडे पाहिलं. नत्थुजी भाकरीचा तुकडा हातात धरून बसले होते. थोड्या वेळानं त्यांनी तो खाल्ला.

गुरुवारी अमरावतीहून एक जीप आली. तिथल्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवणारी मैथिली नावाची तिशीतली बाई दोन विद्यार्थ्यांना घेऊन आली होती. गावात कुठली घरं पडली, कुठली राहिली, आणि त्यांच्या खाली काय आहे, हे तिला पाहायचं होतं. तिनं पार्बताबाईच्या अंगणापासून सुरुवात केली. विद्यार्थ्यांनी एक लांब केबल सरळ रेषेत अंथरली आणि तिला जोडलेले खिळे ठरावीक अंतरानं जमिनीत खोचले. एका टोकाला लोखंडी पाटा ठेवला. शेवटी जीपमधून घण काढला.

बाभळीखाली बसलेले नत्थुजी उठून जवळ आले. रांगेत खुंट्या, दोर आणि घण. ते पाहत राहिले.

"सरका आजोबा, लागेल," मैथिली म्हणाली. "या पाट्यावर घाव घालायचा आहे."

एका विद्यार्थ्यानं घण उचलला. पहिला घाव पाट्याच्या कडेला बसला, दुसरा त्याच्या स्वतःच्या बुटाजवळ.

"आना इकडं," नत्थुजी म्हणाले.

"आजोबा, जड आहे हो."

"हलका हाये," नत्थुजी म्हणाले. त्यांनी वहाणा काढल्या, पाय फाकवून उभे राहिले आणि पाट्याच्या बरोबर मधोमध घाव घातला. मग तसाच दुसरा. मग तिसरा. मैथिली लॅपटॉपवरून मान वर करून पाहायला लागली.

"असे एकसारखे घाव मला कॉलेजात कोणी घालून देत नाही," ती म्हणाली. "आता आपण खाली जाऊ."

खाली, फक्कीच्या चौकोनाशेजारी, तोच खेळ पुन्हा झाला. नत्थुजींनी घाव घातले. इथे आवाज वेगळा होता, पाणी भरलेल्या मडक्यावर थाप मारावी तसा.

"यातून काय समजते तुमाले?" त्यांनी विचारलं.

"घावाची लाट या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत किती वेळात पोचते, ते. वर ती पळत गेली. इथं रेंगाळते आहे. जमीन जितकी नरम, तितकी लाट हळू."

"हळू म्हंजे चांगलंच ना. दनका गिळते जमीन."

मैथिलीनं मान हलवली. "तसं वाटतं खरं. डोंगराकडून लाट येते ती कडक जमिनीतून, भराभर. इथं गाळात शिरली की तिचा वेग तुटतो, पण तिच्यातला जोर कुठं जाणार? मग ती उंच होते. वर कपाला धक्का बसतो, तिथं इथलं घर झोके घेतं. त्यात माती ओली. आणि खाली कडक थर असला की लाट वर-खाली आपटत राहते, लवकर बाहेर पडत नाही. वर धक्का एका क्षणात संपला असेल, इथं बराच वेळ हललं असेल."

कपाचं तिला कोणी सांगितलं नव्हतं. ती सहज बोलून गेली होती.

नत्थुजींना कंपनीचा रंगमंच आठवला. ड्रमांवर फळ्या टाकून केलेला. ड्रमाच्या बरोबर वर सेनापतीनं पाय आपटला तर नुसता आवाज व्हायचा. दोन ड्रमांच्या मध्ये, जिथं खाली पोकळ असायचं, तिथं आपटला, की बाजूला ठेवलेली पेटी उडायची आणि पेटीवाला शिव्या द्यायचा. अठरा वर्षं त्यांनी हे रोज पाहिलं होतं.

"आमचा तंबू वाचला होता," ते म्हणाले. "नरम जमिनीत. वादळात. बाजूचा फाटला, आमचा वाचला."

"तो वारा होता ना. वारा वरून येतो," मैथिली केबल मोकळी करत म्हणाली. "तेव्हा खालचं थोडं सरकलं तर बरंच. हे खालूनच येतं."

नत्थुजींनी तिच्या हातातली केबल घेतली आणि कोपर ते पंजा, कोपर ते पंजा अशी गुंडाळायला लागले. पूर्ण गुंडाळून, शेवटचं टोक आत खोचून, त्यांनी ती जीपमध्ये ठेवली.

"इथं बांधलं तर?" त्यांनी चौकोनाकडे बोट दाखवलं.

"बांधता येतं. पण पाया गाळाच्या खाली, पार कडक थरापर्यंत न्यावा लागेल. तेवढं इथं कोण करणार?" तिनं वर बाभळीकडे पाहिलं. "मी असते तर साठेक पावलं वर सरकले असते."

जीप गेली. नत्थुजी वर आले आणि पार्बताबाईच्या ओट्याच्या कडेला टेकले. पार्बताबाई त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी, एकटी राहणारी, गुडघ्यांनी हैराण झालेली बाई. ती दारातून सगळं पाहत होती.

"का म्हने ते पोरगी?"

"म्हने, वर बांधा."

"हे तं सत्यभामाबी म्हने." पार्बताबाई हळूहळू खाली बसली. "मी इथंच हुभी होती तवा. या बाभळीपाशी. दार माह्या दाराकडं करतो म्हने."

नत्थुजी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. ती उकरली जात नव्हती, बरडच ती.

"तुमी ते रानीसाहेबांचं नाटक करत जा ना पाहुन्याईसमोर, तवा मी तिले म्हनत जाओ, काहून आयकून घेतं व? तं म्हने, राहू दे बाई, त्याईले टाळी लागते." पार्बताबाईनं गुडघा चोळला. "नत्थुभाऊ, पोरगा सोमवारी खोदून राह्यला. तुमी सांगता का मी सांगू?"

"त्याले काय वाटन?"

"त्याले काय वाटाचं ते वाटन. त्याची पोरगी तिथं झोपनार हाये."

कुलदीप रागावेल, ओरडेल, कदाचित पुन्हा कधी बोलणार नाही, असं नत्थुजी एकेक समोर ठेवून पाहत होते. कशानंच काही होत नव्हतं. मनाला खुंटी ठोकावी आणि ती आत आत जावी, कुठं टेकूच नये, असं चाललं होतं.

"पन जागा कुठं हाये वर? होती ते तं तुमीच गोठ्यासाठी घेतली."

"तेच घ्या ना. ढोरं तं गेली. तुमची खालची मले द्या, कागदावर अदलाबदल करून घेऊ. मी तिथं कडबा टाकतो. कडब्याले का भूकंप लागते."

रविवारी सकाळी नत्थुजींनी ताडपत्रीखालच्या ट्रंकेतून खुंटी काढली. तिच्यावर गंज चढला होता. घण खांद्यावर घेतला.

"कुलदीप, चाल."

"कुठं?"

"चाल म्हनतो ना."

कुलदीप आला. मागून प्रणाली आली. आकांक्षाला शेजारणीकडे ठेवलं होतं. फक्कीच्या चौकोनाच्या मधोमध नत्थुजींनी खुंटी धरली आणि घण मुलाच्या हातात दिला.

"मार. अन मोज."

"बाबा, हे काय लावलं सकाळी सकाळी?"

"मोज."

एक. दोन. तीन. खुंटी डोक्यापर्यंत गेली. नत्थुजींनी ती दोन हातांनी हलवली आणि उपसून काढली. भोकाच्या तळाशी पाणी चमकत होतं.

मग ते चढण चढून वर गेले. पार्बताबाईच्या गोठ्याच्या मोकळ्या जागेत, बाभळीपाशी, त्यांनी पुन्हा खुंटी धरली. कुलदीपनं घाव घातला. घण उसळून वर आला. दुसरा, तिसरा. दहाव्या घावाला त्यानं शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं. बाविसाव्याला खुंटी बसली, आणि जराशी वाकली.

"हेच आकडे आले होते," नत्थुजी म्हणाले. "तुया मायसमोर. तवाबी तीन अन बावीस."

कुलदीप घणावर रेलून दम घेत होता.

"तुया मायनं हे जागा सांगतली होती. वरची. मी आयकलं नाई. खाली मी निवडलं. मले वाटे नरम जमीन दनका गिळते. ते हातपंपाचं, हुकमाचं, ते मी केलं होतं. भेग पडली, तुया मामानं बोट घातलं, मले लाज वाटली, म्हून तिच्यावर टाकलं. लोकं हासले. मंग ते तसंच चालू राह्यलं."

पार्बताबाई आपल्या दारात उभी होती. प्रणालीनं पदर तोंडाशी धरला होता.

कुलदीपनं घण हळूच खाली ठेवला. तो बापाकडे पाहत नव्हता. वाकड्या खुंटीकडे पाहत होता.

"मायनं काहून नाई सांगतलं कधी?"

"नाई सांगतलं."

"तिले माहीत होतं, तुमी खोटं बोलता."

"हो."

"अन त्या दिवशी तुमी इथं होते."

"इथं होतो. चहा पेत होतो. कप हालला. मले वाटलं ट्रक गेला." हे पुढचं त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं. "मंग मी उरला चहा पेलो."

कुलदीप वळला. चढण उतरून खाली गेला. तो ताडपत्रीकडे जाईल असं प्रणालीला वाटलं, ती दोन पावलं पुढे झाली. पण तो फक्कीच्या चौकोनाशी थांबला. मग चपलेनं एक रेघ पुसायला लागला. काळ्या मातीत पांढरं मिसळून राखाडी झालं, तशी दुसरी पुसली. कडेला ठेवलेलं फक्कीचं घमेलं उचलून तो वर आला. त्याचे डोळे लाल होते. घमेलं त्यानं बापाच्या पायाशी आदळलं. थोडी फक्की उडून नत्थुजींच्या धोतरावर बसली.

"माय काय म्हने तवा?" तो म्हणाला. "सगळं सांगा. कुठं काय म्हने?"

नत्थुजी बाभळीपासून मोजत चालले. आठ पावलांवर थांबले.

"चूल इथं म्हने. धूर तिकडच्या तिकडं जाईन." मग वळले. "अन दार इकडं. पार्बताच्या दाराकडं. आवाज देता आला पाह्यजे म्हने."

कुलदीपनं मूठभर फक्की घेतली आणि बोटांतून सोडत रेघ ओढायला लागला. रेघ वाकडी गेली. कोणी ती सरळ करायला सांगितली नाही.

पार्बताबाई आत गेली आणि चहा घेऊन आली. तिनं कप नत्थुजींसमोर ओट्यावर ठेवला, काही न विचारता. त्यांनी कपाकडे पाहिलं. खुंटी धरलेले हात अजून झिणझिणत होते, मनगटापासून पार कोपरापर्यंत. बावीस घाव हातांत उतरले होते. ते हात मांडीवर उताणे ठेवून ते बसून राहिले, आणि कुलदीप रेघ ओढत दारापर्यंत आला तोवर चहावर साय धरली होती.